हिरड्यांतून रक्त: बाभळीची साल की पाच दिवसांच्या गोळ्या?

नमस्कार ताई. तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मला तो नीट समजला आहे का ते तुम्हाला पाहता येईल. तुमचं वय 47. दीड-दोन वर्षांपासून ब्रश करताना रक्त येतं, सकाळी तोंडाला वास येतो, खालचे समोरचे दात किंचित हलतात. जवळच्या दंतवैद्यांनी डीप क्लीनिंग सुचवलं आणि तोवर पाच दिवसांच्या अँटिबायोटिक गोळ्या दिल्या. गोळ्यांनी रक्त थांबलं, वासही गेला, म्हणून क्लीनिंग राहून गेलं. शिवाय दात खरवडले की ते ढिले होतात, असं शेजारच्यांनी सांगितलं. दीड महिन्यात सगळं पुन्हा सुरू झालं. आता सासूबाई बाभळीच्या सालीचा आणि त्रिफळ्याचा काढा करायला सांगताहेत, तर मेडिकलवाला त्याच गोळ्या पुन्हा द्यायला तयार आहे. तुम्हाला जाणून घ्यायचंय की हिरड्यांतल्या जंतूंवर जास्त परिणाम कशाचा होतो, वनौषधींचा की अँटिबायोटिकचा. जाता जाता साखर ‘बॉर्डरवर’ असल्याचंही तुम्ही लिहिलंय. त्याकडे मी नंतर येते, कारण ती गोष्ट छोटी नाही.

मी बरीच वर्षं हिरड्यांच्या रोगांवरच काम करते आहे आणि हा प्रश्न माझ्याकडे जवळजवळ रोज येतो. माझं मत आधीच सांगते. तुम्ही वर्णन केलेल्या आजारात नुसता काढा आणि नुसत्या गोळ्या दोन्ही अपुरे पडतात, आणि दोन्ही एकाच कारणाने अपुरे पडतात. तुमची खरी अडचण औषध निवडण्याची नाही. जिथे आजार आहे तिथे औषध पोचतच नाही, ही अडचण आहे.

दात आणि हिरडी यांच्यामध्ये एक बारीक फट असते. निरोगी तोंडात ती 1 ते 3 मिलीमीटर खोल असते. तिथे जंतूंचा चिकट थर साचून राहिला की हिरडी सुजते आणि रक्त येऊ लागतं. या टप्प्यावर आजार पूर्ण उलटवता येतो. थर तसाच राहिला, तर लाळेतल्या आणि हिरडीतून पाझरणाऱ्या द्रवातल्या क्षारांनी तो दगडासारखा कडक होतो. हेच कीटण, दवाखान्यात ज्याला टार्टर म्हणतात. कीटण खडबडीत असतं, त्यामुळे त्यावर नवा थर आणखी सहज बसतो आणि हिरडीखाली मुळाच्या दिशेने सरकत जातो. काही जणांत, सगळ्यांत नव्हे, मग दाताभोवतीचं हाड झिजू लागतं. फट 5, 6, 7 मिलीमीटरपर्यंत खोल होते. तिला आम्ही पॉकेट म्हणतो आणि या अवस्थेला लोक पायोरिया म्हणतात. तुमचे दात हलताहेत, म्हणजे काही ठिकाणी तरी हाड कमी झालं असण्याची शक्यता बरीच आहे. ते किती, हे तपासल्याशिवाय मी काय, कुणीच सांगू शकत नाही.

या थराबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण सगळं उत्तर त्यातच आहे. माणसाच्या तोंडात मिळून सुमारे 700 प्रकारचे जंतू आढळले आहेत. थरात ते सुटेसुटे राहत नाहीत. स्वतःच तयार केलेल्या बुळबुळीत पदार्थात ते एकमेकांना धरून राहतात. त्या थरातून औषध आत सहज झिरपत नाही, आणि तळाचे जंतू इतके मंद जगतात की वाढणाऱ्या जंतूंना मारणारं औषध त्यांना फारसं लागत नाही. मोरीच्या फरशीवरचा निसरडा थर नुसतं फिनेल ओतून जात नाही, ब्रशने घासावाच लागतो, तसंच हे आहे. ही गोष्ट आजची नाही. हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावच्या अँटोनी व्हान लेव्हेनहुकने 1680 च्या दशकात स्वतःच्या दातांवरचा पांढरा थर आपल्या भिंगाखाली पाहिला आणि त्यात हलणारे जीव पहिल्यांदा टिपले. व्हिनेगरने दात धुऊन त्याने पुन्हा पाहिलं. बाहेरचे जीव मेले होते, पण व्हिनेगर थराच्या आत शिरलंच नव्हतं, अशी नोंद त्याने केली. अँटिबायोटिकचा शोध लागण्याच्या जवळपास अडीचशे वर्षं आधी त्याने नेमक्या आजच्या अडचणीवर बोट ठेवलं होतं.

दुसरा पुरावा 1965 चा आहे. डेन्मार्कमध्ये हॅराल्ड लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निरोगी हिरड्या असलेल्या 12 जणांना दात घासणं बंद करायला सांगितलं. 10 ते 21 दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या. पुन्हा घासायला लावलं, तेव्हा साधारण आठवड्याभरात हिरड्या पूर्ववत झाल्या. थर साचला आणि आजार आला, थर गेला आणि आजार गेला. यात ना गोळी होती ना काढा. तुमचा आजार त्या 12 जणांच्या पुढे गेलाय. तुमच्याकडे पॉकेट असेल आणि आत कीटण असेल, तर ब्रश तिथवर पोचणार नाही. पण तत्त्व तेच राहतं.

आता अँटिबायोटिककडे येऊ. तुमच्या गोळ्यांनी गुण का आला आणि का टिकला नाही? गोळीतलं औषध रक्तातून हिरडीत आणि पॉकेटमधल्या द्रवात उतरतं, त्यामुळे थराच्या कडेला मोकळे फिरणारे आणि हिरडीच्या पेशींत शिरलेले जंतू कमी होतात. सूज उतरते, वास जातो. मुळावरचं कीटण आणि त्याला चिकटलेला थर मात्र जागेवरच असतो. औषध थांबलं की उरलेल्या जंतूंपासून थर पुन्हा पूर्ववत व्हायला काही आठवडे पुरतात. तुमचा दीड महिना त्यात अगदी बसतो. दुसऱ्यांदा त्याच गोळ्या घेतल्या तरी असंच होईल, आणि कदाचित गुण आणखी कमी येईल, कारण त्या औषधाला दाद न देणारे जंतूच मागे उरलेले असतात. पोटातल्या, आतड्यातल्या जंतूंवरही त्याचा परिणाम होतो, तो वेगळाच.

म्हणून अँटिबायोटिक वाईट असं मी म्हणणार नाही. काही रुग्णांत त्यांच्यावाचून माझं पान हलत नाही. पंचविशीतला तरुण येतो, कीटण फारसं नसतं, पण समोरच्या दातांभोवती आणि पहिल्या दाढांभोवती हाड झपाट्याने गेलेलं असतं. अशा आजारात काही जंतू थेट हिरडीच्या ऊतींमध्ये शिरलेले असतात, तिथे अवजार पोचत नाही आणि गोळ्या खरोखर मदत करतात. अ‍ॅमॉक्सिसिलिन आणि मेट्रोनिडाझोल ही जोडी त्यासाठी जगभर वापरली जाते. पण तीसुद्धा मुळांची सफाई झाल्याबरोबर द्यायची, सफाईऐवजी नव्हे. हिरडीत गळू होऊन ताप आला, गाल सुजला, तर अँटिबायोटिक लागतं. हिरड्यांचे टोकदार कोपरे झडून अतिशय दुखणारा, घाण वास येणारा एक प्रकार असतो, त्यातही कधी कधी लागतं. बाकी नेहमीच्या पायोरियात सरसकट अँटिबायोटिक देऊ नये, असं युरोपातल्या हिरडीतज्ज्ञांच्या संघटनेने 2020 च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट म्हटलंय.

त्यामागचे आकडेही पाहा. नुसत्या चांगल्या सफाईने 4 ते 6 मिलीमीटरची पॉकेट सरासरी सव्वा मिलीमीटरने उथळ होतात, आणि 7 मिलीमीटरपेक्षा खोल असलेली दोनेक मिलीमीटरने. त्यावर गोळ्यांची जोडी दिली, तर सरासरी भर पडते ती अर्ध्या मिलीमीटरच्या आत-बाहेर. मोठं काम अवजार करतं. गोळीची भर छोटी असते, ती काही निवडक रुग्णांतच मोलाची ठरते.

मात्रा मी इथे मुद्दाम लिहीत नाही, कारण ती वाचून कुणीतरी उद्या मेडिकलमध्ये जाईल. ऑफ्लॉक्सासिन-ऑर्निडाझोलची पट्टी दातदुखीसाठी सर्रास घेतली जाते, तेही जुलाबासाठी घरात उरलेल्या पट्टीतून. असं कृपया करू नका. मेट्रोनिडाझोलबरोबर दारू चालत नाही. रक्त पातळ करणाऱ्या वॉर्फरिनसारख्या गोळीचा परिणाम ते धोकादायक वाढवू शकतं. पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी असलेल्याला अ‍ॅमॉक्सिसिलिन जिवावर बेतू शकतं. आणि टेट्रासायक्लिन गटातली औषधं गरोदर बायकांना आणि लहान मुलांना देत नाहीत.

वनौषधींबद्दल मला मनापासून आदर आहे, म्हणून त्यांच्याकडे मी तितक्याच कसोशीने पाहते. प्रयोगशाळेत कडुनिंब, हळदीतलं कर्क्युमिन, लवंगेतलं युजेनॉल, ग्रीन टीमधली कॅटेचिनं, मेसवाक (पिलूच्या झाडाची काडी), डाळिंबाची साल या सगळ्यांत जंतुनाशक गुण दिसतात. पायोरियात ज्यांना आम्ही ‘लाल गट’ म्हणतो, त्या पॉर्फिरोमोनास जिंजिव्हॅलिस, टॅनेरेला फॉर्सिथिया आणि ट्रेपोनेमा डेंटिकोला या तिघांपैकी पहिल्यावर हळदीचा परिणाम काचेच्या बशीत छान दिसतो. पण बशीत सुटे जंतू असतात, अर्क दाट असतो आणि तो जंतूंवर तासन् तास पडून राहतो. तोंडात यातलं काहीच नसतं. काढ्याची चूळ अर्धा-एक मिनिट टिकते आणि हिरडीखालच्या पॉकेटमध्ये जवळपास शिरतच नाही. समजा पिचकारीने आत सोडला, तरी 5 मिलीमीटरच्या पॉकेटमधला द्रव तासाला सुमारे 40 वेळा बदलतो. औषध धुऊनच जातं. ही मर्यादा वनस्पतीची नाही, गुळणीची आहे. क्लोरहेक्सिडीनच्या, म्हणजे दंतवैद्य नेहमी देतात त्या जंतुनाशक औषधाच्या, गुळणीलाही ती तितकीच लागू आहे. पॉकेटमध्ये ठेवायच्या चिप, जेल आणि धागे निघाले ते यामुळेच, आणि त्यांचीही भर मर्यादितच आहे.

जिथे चूळ पोचते तिथलं चित्र मात्र वेगळं आहे. आपल्याच देशातल्या दंत महाविद्यालयांत त्रिफळा, हळद, कडुनिंब यांच्या गुळण्या क्लोरहेक्सिडीनशी ताडून पाहणारे बरेच अभ्यास झाले आहेत. हिरडीवरचा थर आणि रक्तस्राव यांत अनेकदा दोन्हींचा परिणाम जवळपास सारखा आला. हे अभ्यास बहुतेक छोटे आहेत, काही आठवड्यांचे आहेत आणि वरवरच्या सुजेवर केलेले आहेत. खोल पॉकेट आणि झिजलेलं हाड याबद्दल ते काही सांगत नाहीत. तरी ज्याची हिरडी नुसती सुजली आहे, हाड शाबूत आहे, त्याने नीट घासणं आणि त्याला जोड म्हणून त्रिफळ्याची चूळ, असा मार्ग निवडला तर मी आनंदाने हो म्हणते. क्लोरहेक्सिडीन दोन आठवड्यांच्या वर चाललं की दातांवर तपकिरी डाग पडतात आणि चव बिघडते. काढ्यात ही कटकट कमी असते.

आता तुमच्या सासूबाईंच्या सालीबद्दल. बाभळीची साल, काथ, हिरडा, तुरटी, डाळिंबाची साल हे सगळे तुरट पदार्थ आहेत. साली-फळांतलं टॅनिन आणि तुरटीतले क्षार हिरडीची वरची कातडी आवळतात, बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि रक्त थांबतं. चार दिवसांत हिरडी घट्ट वाटते. इथेच मला काळजी वाटते. रक्त येणं हे आत सूज असल्याचं एकमेव लक्षण बहुतेकांना कळतं. ते थांबलं की माणूस निर्धास्त होतो, आणि खाली 6 मिलीमीटरवर काम चालूच राहतं. गोळ्यांनी तुमच्या बाबतीत हेच केलं. बाभळीची साल पुन्हा तेच करील, फक्त जरा स्वस्तात. वर्षभर सालीवर काढलेली माणसं माझ्याकडे येतात तेव्हा त्यांच्या हिरड्या वरून गुलाबी दिसतात, आणि एक्स-रेत दाढांच्या मुळांमधलं हाड गेलेलं असतं. हे पाहताना मला फार वाईट वाटतं, कारण त्यातल्या बऱ्याच दाढा वेळेवर वाचवता आल्या असत्या.

आयुर्वेदाच्या नावाने क्लीनिंग टाळणाऱ्यांना मी सुश्रुतसंहितेतली एक गोष्ट आवर्जून सांगते. दातांवर कडक थर साचण्याला तिथे दंतशर्करा म्हटलंय. त्यावरचा उपचार असा दिलाय की वैद्याने दाताच्या मुळाला इजा न करता ती शर्करा काढून टाकावी आणि मग लाखेचं चूर्ण मधात कालवून त्यावर चोळावं. ती काढायला दंतशंकू नावाचं अवजारही सांगितलंय. हिरड्यांतून रक्त येणाऱ्या शीताद या रोगातही आधी दूषित रक्त काढायचं आणि मग सुंठ, मोहरी, त्रिफळा वगैरेंच्या काढ्याचा गंडूष, म्हणजे काढा तोंडात भरून धरणं, असा क्रम आहे. म्हणजे आधी हाताने काढायचं, मग औषध. मीही याच क्रमाने काम करते. काढा आपल्या परंपरेतला आणि स्केलिंग (अवजाराने कीटण खरवडून काढणं) परदेशातलं, ही समजूत खरी नाही.

वेगवेगळ्या घरगुती गोष्टींबद्दल लोक विचारतात, तेही सांगून टाकते. कडुनिंबाची किंवा मेसवाकची काडी नीट चावून मऊ केली तर ती चांगला ब्रश आहे. मेसवाकच्या वापराला जागतिक आरोग्य संघटनेनेही अनुकूलता दाखवली आहे. पण काडीने दातांची आतली बाजू आणि दाढांच्या फटी राहतात, आणि जोरात रेटली तर हिरडी मागे सरकते. तिळाच्या तेलाची चूळ निरुपद्रवी आहे आणि सूज थोडी कमी करते, पॉकेट बरं करत नाही. इरिमेदादि हे आयुर्वेदिक तेल हिरडीवर हलक्या बोटाने चोळायला माझी हरकत नाही. कोमट मिठाचं पाणी सफाईनंतरच्या तीन-चार दिवसांत खरंच आराम देतं. लवंग तेल हिरडीवर थेट लावू नका. दाढ दुखते म्हणून तेलात भिजवलेला बोळा रात्रभर ठेवून हिरडी भाजून घेतलेले रुग्ण मी पाहते. हळद जेवणात आणि चुळीत ठीक आहे, पण रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर हळदीच्या दाट अर्काच्या कॅप्सुली डॉक्टरांना न विचारता घेऊ नका. जेष्ठमधाचंही तसंच, रक्तदाब असणाऱ्यांनी ते पोटात घेण्याआधी विचारावं.

मशेरीबद्दल मात्र मी कडकच बोलते. आपल्याकडे, विशेषतः बायकांत, हिरड्या ठणकल्या की मशेरी लावायची सवय अजून खूप आहे. तो भाजलेला तंबाखूच आहे. निकोटीनने रक्तवाहिन्या आकसतात, रक्त येणं कमी होतं, ठणका बधिर होतो आणि हाड मात्र वेगाने झिजतं. दंतमंजनात तंबाखू घालायला 1992 पासून देशात बंदी आहे, पण मशेरी घराघरात भाजली जाते. तुम्ही लिहिलेलं नाही, तरी विचारते: घरात कुणी लावत असेल तर ते थांबवणं हा कुठल्याही काढ्यापेक्षा मोठा उपाय आहे. राखुंडी आणि गेरू घातलेली लाल मंजनं जंतूंचं फार काही करत नाहीत. दात घासून घासून झिजवतात, इतकंच.

‘सफाईने दात हलतात’ ही भीती मला कळते, कारण ती अनुभवातून आलेली आहे. खूप कीटण साचलेलं असतं तेव्हा हाड गेलेल्या खालच्या चार दातांना ते एकमेकांशी बांधून धरतं. ते काढलं की दात मुळात किती ढिले होते ते जाणवतं. फटी दिसतात, गार पाणी झिणझिणतं, हिरडी सूज उतरून खाली बसल्यामुळे दात लांब वाटतात. यातलं काहीही सफाईने निर्माण केलेलं नसतं. पुढच्या काही आठवड्यांत सूज उतरली की बरेच दात आधीपेक्षा घट्ट होतात. जे फारच हलतात त्यांना आतून बारीक तारेने किंवा फायबरने बांधून ठेवता येतं. हलणाऱ्या प्रत्येक दाताला हे जमेलच, असं वचन मी देत नाही. मुळाच्या टोकापर्यंत हाड गेलं असेल, तर तो दात काढावा लागतो.

आता तुमची साखर. मधुमेह आणि पायोरिया एकमेकांना बिघडवतात. साखर वाढलेली असली की हिरडीची सूज जास्त होते आणि भरून यायला वेळ लागतो. उलट बाजूने, हिरडीतली जुनी सूज साखर आटोक्यात येऊ देत नाही. मधुमेह असलेल्यांत हिरड्यांवर नीट उपचार झाले, तर तीन-चार महिन्यांत एचबीए1सी (रक्तातली गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी तपासणी) सरासरी 0.4 टक्क्याच्या आसपास खाली येतं, असं अनेक अभ्यास एकत्र पाहिल्यावर दिसलंय. ‘बॉर्डरवर’ म्हणजे नेमकं किती, ते आधी तपासून घ्या. गोळ्यांनी गुण न टिकण्यामागे हेही एक कारण असू शकतं. रक्तदाबासाठी अ‍ॅम्लोडिपिन किंवा फिटसाठी फेनिटॉइन चालू असेल तर त्यांनीही काहींच्या हिरड्या वाढतात, तेव्हा चालू औषधांची यादी दंतवैद्यांना दाखवा. ती औषधं स्वतःहून बंद मात्र करू नका.

आतापर्यंतचं एकत्र सांगायचं तर: थर आणि कीटण हाताने काढणं हा उपचार, गुळणी ही त्याची जोड, अँटिबायोटिक ही निवडक वेळची जोड. गुळणी काढ्याची की क्लोरहेक्सिडीनची, हा प्रश्न शेवटी येतो, आणि त्यात तुमच्या आवडीला भरपूर वाव आहे.

तुमच्या जागी माझी बहीण असती तर तिला मी काय सांगितलं असतं, ते लिहिते. आधी हिरडीतज्ज्ञाकडे किंवा ज्यांच्याकडे प्रोबने (खुणा केलेल्या बारीक सळईने) प्रत्येक दाताभोवती सहा ठिकाणी मोजमाप होतं अशा दंतवैद्याकडे जा. मोजमाप न करता ‘पायोरिया आहे’ म्हणणारं निदान अर्धंच असतं. पॉकेटांचा तक्ता आणि एक्स-रे मागून घ्या, ते तुमचे आहेत. मग स्केलिंग आणि मुळांची सफाई बधिर करून, दोन किंवा अधिक बैठकांत. खर्चाची अडचण असेल तर मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथल्या शासकीय दंत महाविद्यालयांत हिरड्यांचा स्वतंत्र विभाग असतो, तिथे हे काम अगदी कमी पैशांत होतं. सफाईनंतर दोन आठवडे 0.2 टक्के क्लोरहेक्सिडीनची गुळणी दिवसातून दोनदा, पेस्टने दात घासल्यावर अर्धा तास थांबून, कारण पेस्टमधल्या फेसामुळे तिचा असर कमी होतो. ते संपलं की सासूबाईंचा त्रिफळ्याचा काढा गाळून, कोमट करून, रोज रात्री चूळ भरायला सुरू करा. त्यांनाही बरं वाटेल, तुम्हालाही.

रोजच्या घासण्यात एक बदल हवा, तो म्हणजे दातांच्या मधली सफाई. तुमच्यासारख्या फटी उघडलेल्या तोंडात फ्लॉसपेक्षा मधल्या फटीत घालायचे बारीक ब्रश जास्त उपयोगी पडतात. माप दंतवैद्याकडून घ्या, चुकीच्या मापाचा ब्रश रेटला तर हिरडी दुखावते. पहिले आठ-दहा दिवस तिथून रक्त येईल. घाबरून थांबू नका, घासत राहिलात तरच ते कमी होतं.

जबड्याखाली सूज आली, गिळताना त्रास होऊ लागला, तोंड नीट उघडेना किंवा श्वास जड झाला, तर मात्र काढा, गुळणी, अपॉइंटमेंट कशाचीही वाट न बघता त्याच रात्री हॉस्पिटलात जा. ती सूज गळ्याकडे उतरू शकते.

सफाईनंतर सहा ते आठ आठवड्यांनी तोच तक्ता पुन्हा करून घ्या. जिथे पॉकेट 4 मिलीमीटरच्या आत आली तिथे दर तीन-चार महिन्यांनी देखभाल पुरेल. जिथे 6 किंवा त्याहून जास्त राहिली आणि प्रोब लावताच रक्त आलं, तिथे हिरडी उघडून सफाई करायची का, की गोळ्यांची जोड द्यायची, हे तेव्हा ठरवायचं. दोन्ही तक्त्यांतले आकडे, एचबीए1सी आणि चालू औषधांची नावं कळवलीत, तर पुढचं मी नक्की सांगेन.